रनाळ्याच्या भोरड्या आणि आमचे समूहमन

नंदुरबार

नंदुरबारला पुण्याहून कोणी हौसेने जात नाही. ज्याची बदली होते तो कपाळाला हात लावून जातो, आणि ज्याची मुलगी तिकडे दिलेली असते तो दिवाळसणापुरता जातो. माझी बदली झाली नव्हती आणि मला मुलगीही नव्हती. मला तिकडे नेले ते आमच्या प्रोफेसर गानूंनी, आणि त्यांना नेले पाखरांनी.

गानू आमच्या कॉलेजात इंद्रियविज्ञान शिकवत, आणि मी त्यांचा मदतनीस होतो. म्हणजे व्याख्यान ते देत आणि बेडूक मी कापीत असे. बेडकाच्या पायाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो, हे मोजण्यात त्यांनी तरुणपणी नाव कमावले होते. तेवढ्यावर थांबले असते तर माणूस चांगला होता. पण ते विलायतेला जाऊन आले आणि येताना एक सिद्धांत घेऊन आले. पाखरांचा मोठा थवा हवेत एकदम वळतो आणि एकही पाखरू दुसऱ्यावर आदळत नाही. नसेतून संदेश जायला जो वेळ लागतो तेवढा वेळ तिथे मिळतच नाही. म्हणून संदेश नसेतून जातच नाही. सगळ्या थव्याला मिळून एकच मन असते आणि विचार त्यात एकाच क्षणी उमटतो. या मनाला त्यांनी ‘समूहमन’ असे भारदस्त नाव दिले होते. या नावावर त्यांना तीन व्याख्यानांची आमंत्रणे आली. बेडकावर एकही आले नव्हते.

मी एकदा भीत भीत म्हटले होते, “सर, पाखरू शेजारच्या पाखराकडे पाहत असेल. ते वळले की हे वळते. डोळे चांगले असले म्हणजे झाले.”

“पाटणकर,” ते म्हणाले, “तुम्ही फार खालून विचार करता.”

खालून विचार करणारा माणूस सामान उचलायला बरा असतो, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतले.

रनाळ्याचे आनंदराव पाटील शेतकी प्रदर्शन पाहायला पुण्यात आले होते. त्यांनी कोणाच्या तरी घरी गानूंचे समूहमन ऐकले आणि सांगितले, “भोरड्या पाहायच्या तर आमच्याकडे या. दादर हुरड्यात आली की सूर्य झाकतो. तुमच्यासाठी एक अख्खं शेत मोकळं सोडतो.” भोरड्या म्हणजे थव्याने येणाऱ्या गुलाबी मैना, आणि दादर म्हणजे तिकडची थंडीतली ज्वारी. संक्रांत उलटली तसे आम्ही निघालो. गाडीतल्या दीड दिवसाबद्दल एवढेच सांगतो की प्रोफेसर वरच्या वर्गात होते आणि त्यांची खोकी माझ्याबरोबर तिसऱ्या वर्गात.

त्यातल्या एका खोक्यात कॉलेजच्या संग्रहालयातला पेंढा भरलेला ससाणा होता. बेत असा होता की भोरड्यांचा थवा शेतात चरायला बसला की एका टोकाला हा ससाणा दोरीवरून सोडायचा. त्या टोकाची पाखरे घाबरून उठतील. दुसऱ्या टोकाची पाखरे त्याच क्षणी उठली तर समूहमन सिद्ध, उशिराने उठली तर माझे खालचे विचार खरे. बंदूक का नाही, असे मी विचारले नाही. बंदुकीचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येतो हे निदान प्रोफेसरांच्या ध्यानात आले होते.

नंदुरबारच्या धर्मशाळेत खोके उघडले. ससाण्याच्या छातीला कसर लागली होती. प्रोफेसरांनी त्याला मानेला धरून उचलले, तर डोके हातात आले आणि धड खोक्यात राहिले. भोरडीच काय, धर्मशाळेतली मांजरसुद्धा त्याला पाहून हलली नाही.

बाजारात हिंडताना मला पतंगांचे दुकान दिसले. गुजरात जवळ असल्यामुळे संक्रांतीला तिकडे पतंगांचे वेड मोठे. दुकानाचे मालक यासीनभाई, पिकल्या दाढीचे, तीन पिढ्यांचे पतंगवाले. मी त्यांना ससाण्याच्या आकाराचा पतंग करता येईल का, असे विचारले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, प्रोफेसरांच्या बुटांपासून टोपीपर्यंत एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, “चील बनाडी देसू साहेब. पन उडाडी कोन? तुम्ही?”

प्रोफेसर म्हणाले, “त्यात काय एवढं?” आणि रस्त्यातच एक साधा पतंग मागून घेऊन उडवू लागले. तो समोरच्या अत्तरवाल्याच्या दुकानात घुसला. यासीनभाईंनी दुकानाला फळ्या लावायला सुरुवात केली आणि मला विचारले, “दमणी कधी निघस?” ते बरोबर येणार होते, हे त्यावरून आम्ही समजलो.

रनाळे

दमणी म्हणजे छपराची बैलगाडी. तिच्यातून रस्ता दिसत नाही, फक्त लागतो. उत्तरेला दूर सातपुड्याची निळी ओळ होती, तेवढी मात्र छपराच्या मागच्या तोंडातून दिसत राहिली. त्या डोंगरातल्या तोरणमाळाला नंतर विश्रांतीसाठी जायचे, असे प्रोफेसर म्हणत होते. विश्रांती कशापासून, ते त्यांनी सांगितले नाही.

पाटलांनी स्वागत दणक्यात केले. ओसरीवर सतरंज्या, तक्के, गावातली झाडून सगळी पागोटी. पाटील आमच्याशी पुस्तकी मराठी बोलत आणि गड्यांशी अहिराणी. त्यांचा एक डोळा सतत पाहुणे काय म्हणतात याकडे आणि दुसरा गाव ते ऐकतो आहे ना याकडे. “शास्त्राची सेवा,” हे शब्द त्यांनी पहिल्या संध्याकाळी इतक्यांदा उच्चारले की माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ मला हळूच विचारू लागले, “शास्त्र म्हंजे कोन? साहेबना भाऊ का?”

जेवणाबद्दल मात्र मी वाकडे बोलणार नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, वर शेंगदाण्याचे कच्चे तेल, आणि ठेचा. पुण्यात पाहुण्याला आधी विचारतात, ‘अजून घेणार का?’ आणि प्रश्न अशा सुरात करतात की शहाण्याने नको म्हणावे. इथे विचारतच नाहीत. भाकरी वरून पडते. प्रोफेसरांनी ठेचा चटणी समजून बोटभर खाल्ला आणि पुढचा पाव तास समूहमनाविषयी काहीही बोलले नाहीत. त्या दौऱ्यातला तो सर्वांत सुखाचा पाव तास होता.

नाल्यापलीकडचे शेत

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी शेत पाहायला गेलो. पाटलांचे मोठे वावर नाल्याच्या अलीकडे. आम्हाला मोकळे सोडलेले नाल्याच्या पलीकडे, लांबट, दोन्ही टोकांना बाभळी. दादर माणसाहून उंच, कणसे दुधाने भरलेली. आणि त्यावर भोरड्या.

मी आयुष्यभर बेडूक पाहिले. मला पाखरांचे कौतुक नाही. तरीही सांगतो, मी तसाच उभा राहिलो. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख, डोक्यावर तेल लावून मागे बसवल्यासारखी शेंडी. दहा पाखरे कणसावर, शंभर हवेत, हजार बाभळीवर, आणि सगळ्यांची बडबड एकाच वेळी. बाभळीवरून एक लोंढा सुटे, शेतावर पसरे, पुन्हा गोळा होई, दुमडे, आतून काळा बाहेरून गुलाबी होई आणि कणसांत नाहीसा होई.

एवढ्यात माझ्या कानाजवळून दगड सणाणत गेला. थवा फाटला. शेताच्या मध्यावर चार खांबांचा माळा होता आणि त्यावर चाळिशीची एक बाई गोफण घेऊन उभी होती. लुगड्याचा काचा मारलेला, कपाळ मोकळे, गळा मोकळा.

“बाई,” मी ओरडलो, “इथे चार दिवस गोफण चालवायची नाही असं ठरलंय!”

“कोन्ही ठराय?”

“पाटलांनी.”

“वावर पाटीलनं नही. मन्हं शे.” तिने दुसरा दगड घातला. “पाखरं काय पाटीलले इचारीसन येतस का?”

मी माळ्याखाली गेलो. तिचे नाव तानाबाई. ती पाटलांच्या धाकट्या, वारलेल्या भावाची बायको होती. तो गेला तेव्हा हे वावर तिच्या वाट्याला आले होते. ती वेगळी चूल मांडून राहत होती आणि वर्षाचे धान्य याच वावरातून काढीत होती. पाटलांनी पाहुण्यांना अख्खे शेत देऊ केले ते हे, आणि तिला सांगितले ते आदल्या रात्री, गड्याच्या तोंडून.

“भाऊ, तुम्ही शिकेल मानसं शेतस,” ती म्हणाली. “माले एक सांगा. त्यासनं एवढं मोठं वावर तठे शे. मंग पाखरं मन्ह्याच वावरमा काब्र खावाडानं?”

पाखरे तिच्याच शेतात का चारायची, याला शास्त्रात उत्तर नव्हते. मी परत जाऊन प्रोफेसरांना सांगितले. ते दाढी करीत होते.

“शेत त्या बाईचं आहे, सर. तिला विचारलेलंच नाही.”

“तो त्यांचा घरगुती प्रश्न आहे, पाटणकर. पाटील पाहतील. आपण शास्त्राचं पाहू.”

पाटलांना विचारले तर ते मोठ्याने हसले. “अहो, वहिनी आमच्याच घरातली. तिचं वर्षभराचं मी बघतो. माझ्या कोठारात काय कमी आहे?” आणि दुपारी त्यांचे चार गडी नाल्यापलीकडे गेले आणि त्यांनी माळा मोडला. खांब उपटून नाल्यात टाकले.

संध्याकाळी मी तिथून गेलो तेव्हा तानाबाई बांधावर बसली होती. पाटील पोसायला तयार आहेत, असे मी म्हटले. समजुतीचे दोन शब्द बोलावे, एवढाच हेतू होता. तिने माझ्याकडे असे पाहिले की मला ते दोन्ही शब्द परत घ्यावेसे वाटले.

“मालक गया तवय सा महिना त्यासना दारनी भाकर खाद्यी मी,” ती म्हणाली. “ताटमा पडस, पन कशी पडस ते माले मालूम शे. परत खावाव नही.”

थव्याचे भोजन

पुढचे तीन दिवस भोरड्यांनी खाल्ले आणि आम्ही पाहिले. प्रोफेसर खुर्चीवर बसून दुर्बिणीतून पाहत आणि दर थोड्या वेळाने “अद्भुत!” म्हणत. पाटील शेजारच्या खुर्चीवर बसून, दुर्बीण न घेता, तेच म्हणत. पाटलांचे राखणदार गडी आमच्या दिमतीला लावलेले होते. कोणी छत्री धरी, कोणी खुर्ची हलवी, आणि दोघे जण निशाणे घेऊन दोन टोकांना उन्हात उभे. मोठे वावर राखायला मागे दोन म्हातारे ठेवले होते. त्याची गरजही नव्हती, कारण सगळी पाखरे तानाबाईकडे जेवायला होती.

एक भोरडी बाभळीखाली मरून पडलेली सापडली. मी ओसरीच्या कडेला पाटावर ती उघडली. पोटात कणसाचे पांढरे दूध, चार-सहा अर्धवट दाणे आणि एका नाकतोड्याच्या तंगड्या. पुरेसे पाहिल्यावर मी प्रोफेसरांना दाखवले.

“यात मन कुठे दिसणार?” ते हसून म्हणाले.

“मन दिसत नाही, सर. बाईची दादर दिसते.”

ते उठून आत गेले. विनोद त्यांना फक्त स्वतःचा आवडे.

यासीनभाई गावातल्या एका तेल्याच्या ओट्यावर बसून पतंग करीत होते. बांबूच्या कामट्या, तपकिरी कागद, शेपटीला काळे पट्टे. त्यांनी पंखांना असा बाक दिला होता की जमिनीवर ठेवलेला असतानासुद्धा कोंबड्या लांबून जात. प्रोफेसरांनी तो पाहून पंखाचे प्रमाण चुकले आहे असे सांगितले. यासीनभाई म्हणाले, “हा, साहेब,” आणि होते तसेच ठेवले.

प्रयोग

चौथ्या दिवशी दुपार उतरल्यावर प्रयोग ठरला. गाव लोटले होते. बायका लेकरांना कडेवर घेऊन बांधावर, म्हातारे बाभळीखाली, पाटील जरीच्या पागोट्यात. प्रोफेसर पश्चिमेच्या टोकाला, पतंगाजवळ. मी पूर्वेच्या टोकाला. दोघांच्या हातात एकेक सेकंद मोजायचे घड्याळ. यासीनभाईंचा पतंग बाभळीवर दिसला की दोघांनी घड्याळाची कळ दाबायची, आणि आपापल्या टोकाची पाखरे उठली की पुन्हा दाबायची.

वारा नव्हता. गाव थांबले, पाटील घाम पुसत राहिले, पाखरे जेवत राहिली. शेवटी सातपुड्याकडून झुळूक आली आणि तपकिरी ससाणा बाभळीच्या शेंड्यावर उभा राहिला, एकदा डुलला आणि शेतावर झेपावला.

मी कळ दाबली आणि समोर पाहिले.

पश्चिमेच्या टोकाला भोरड्या उठल्या. मग त्यांच्या अलीकडच्या. मग त्यांच्या अलीकडच्या. उभ्या पिकातून वारा सरकत यावा तसे ते उठणे शेतभर सरकत माझ्याकडे आले. इतके भरभर, की पापणी लवली असती तर चुकले असते. पण आले ते एका टोकाकडून दुसऱ्याकडे. माझ्यासमोरच्या कणसावर एक भोरडी होती. तिने शेजारणीला उडताना पाहिले, मान वळवली, आणि मग उडाली. मी कळ दाबायला विसरलो नाही. विसरलो असतो तरी चालले असते. एवढी ढळढळीत गोष्ट पाहायला घड्याळ लागत नाही.

मी धावत दुसऱ्या टोकाला गेलो. प्रोफेसर तोंड उघडे ठेवून आकाशाकडे पाहत होते. त्यांचे घड्याळ चालू होते. त्यांनी ते अजून दुसऱ्यांदा दाबलेच नव्हते.

“पाहिलंत?” ते म्हणाले. “एकदम! एकाच क्षणी! पाटणकर, एकाच क्षणी!”

“नाही सर. तुमच्याकडून माझ्याकडे लाट आली. मी पाहिली.”

“तुम्हाला भास झाला. मी इथून सगळं शेत पाहत होतो.”

“तुमच्याकडून ती लांब जात होती, म्हणून कळली नसेल. तुमचं घड्याळ अजून चालू आहे.”

त्यांनी घड्याळ पाहिले, दाबले आणि खिशात टाकले. मग गावाकडे वळून जाहीर केले की प्रयोग उत्तम झाला, परंतु शास्त्र एकदा पाहून समाधान मानत नाही, म्हणून तो आणखी तीन दिवस करावा लागेल. पाटील म्हणाले, “अवश्य! शास्त्राची सेवा!”

बांधावर तानाबाई उभी होती. शेताच्या पश्चिमेच्या अर्ध्यात कणसांच्या नुसत्या झिपऱ्या उरल्या होत्या. पूर्वेचा अर्धा भाग अजून उभा होता.

त्या रात्री पाटलांच्या पंगतीत प्रोफेसर समूहमन समजावून सांगत होते. मी मध्येच म्हटले, “सर, प्रयोगाचा निकाल लागलेला आहे. सगळी पाखरं एकदम उठत नाहीत. शेजारणीला पाहून उठतात. आणखी तीन दिवस पाखरं चारायचं कारण नाही.”

प्रोफेसरांनी घास ठेवला. “पाटणकर,” ते इतक्या मऊ आवाजात म्हणाले की मला पुढचे कळले, “पुढच्या सत्राच्या नेमणुका माझ्या हातात आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“मग भरीत घ्या.”

मी भरीत घेतले. भरिताचा काही दोष नव्हता.

पाटलांचे वावर

दिवस उजाडायला मी तेल्याच्या ओट्यावर होतो. यासीनभाई नमाज आटोपून दोरा गुंडाळीत होते. मी त्यांना सरळ सांगितले की ते शेत पाटलांचे नाही, तानाबाईचे आहे, तिला कोणी विचारले नाही, आणि प्रयोगात पाहायचे होते ते पाहून झाले आहे.

त्यांचे हात थांबले. “बाईनं वावर शे? हाई माले कोन्ही सांगं नही.” ते उठले, ससाणा काखेत मारला आणि म्हणाले, “चला.”

सूर्य वर येईपर्यंत ससाणा तानाबाईच्या उरलेल्या दादरीवर फिरत होता. बाभळीवरून लोंढा सुटला, शेतावर आला, वरचा ससाणा पाहून फाटला आणि परत गेला. पुन्हा आला, पुन्हा फाटला. तानाबाई सुरुवातीला लांब उभी होती. मग जवळ आली आणि यासीनभाईंच्या हाताकडे पाहू लागली.

“चाचा, माले द्या,” ती म्हणाली.

“बोट कापाई जाई, बेन.”

“कापाऊ द्या.”

त्यांनी तिच्या बोटांना चिंधी गुंडाळून दोरा हातात दिला. पहिल्यांदा ससाण्याने गोता खाल्ला. दुसऱ्यांदा ती त्याला आवरू लागली. आणि तिसऱ्यांदा थवा आला तेव्हा तिने दोरा असा ओढला की ससाणा त्यांच्या डोक्यावरून सपकन गेला. अख्खा लोंढा वळला, नाला ओलांडून पाटलांच्या मोठ्या वावरात उतरला.

तिथे त्यांना अडवायला दोन म्हातारे होते. त्यातला एक झोपला होता.

ही बातमी पाटलांपर्यंत पोचली तेव्हा ते चहा घेत होते. ते पागोटे न घालता धावत आले, धोतराचा सोगा हातात, मागून प्रोफेसर, त्यामागून सगळे गडी. मोठे वावर गुलाबी झाले होते. कणसे वाकत होती आणि सरळ होत होती.

“अद्भुत!” प्रोफेसर ओरडले. “पाहा पाटील! सगळे एकदम उतरले! एकाच क्षणी! कोणी हलू नका!”

पाटलांची पुस्तकी मराठी त्या जागी संपली. “हलू नका? मन्ही दादर खाई ऱ्हायनात ना त्या! ए, गोफनी आना रे! डबडा वाजाडा! तू काय छत्री धरी ऱ्हायना, भाड्या!”

“पण पाटील, शास्त्र—”

“तुमनं शास्त्र तुमना गावले लई जा, साहेब! आजनी गाडीले!”

गोफणी सुटल्या. डबे वाजू लागले. मी नाल्याच्या काठावर उभा राहून हे सगळे पाहत होतो आणि मला हसू आवरत नव्हते. हसणे सभ्य नव्हते. पण चार दिवस मी सभ्यपणे पाहत होतो, त्याने एक कणीस वाचले नव्हते.

दमणी जुंपायच्या आधी मी तानाबाईकडे जाऊन आलो. पाटलांचे गडी आता दिवसभर पाखरे हाकलणार होते; म्हणजे ती पुन्हा तिच्याकडे येणार होती. यासीनभाईंनी पतंग तिच्याकडेच ठेवला होता आणि स्वतःही चार दिवस राहणार होते.

“किती राहिलं?” मी विचारले.

“अर्धं गयं. अर्धं शे.” तिने चिंधी सोडून बोट पाहिले. दोऱ्याने चरा पडला होता. तिने माझे आभार मानले नाहीत आणि मीही मानू दिले नसते. “आते माळा परत बांधनं शे,” ती म्हणाली आणि नाल्यातले खांब काढायला गेली. दोन खांब मी काढून दिले. धोतर चिखलाने भरले, ते तसेच नेसून पुण्यापर्यंत आलो. तोरणमाळ राहिलाच.

पुणे

उन्हाळ्याच्या तोंडावर प्रोफेसर गानूंचे व्याख्यान झाले. सभागृह भरले होते. रंगवून घेतलेल्या काचा जादूच्या कंदिलात घातल्या आणि पडद्यावर भोरड्या आल्या, शेत आले, जरीच्या पागोट्यातले पाटील आले. थव्याची सर्व पाखरे एकाच क्षणी उठली, हे आपण स्वतः पाहिल्याचे प्रोफेसरांनी सांगितले. आपल्याबरोबर एक मदतनीस होता, हेही सांगितले. त्याने काय पाहिले ते सांगितले नाही.

शेवटी पुढच्या रांगेतल्या एका वकिलांनी विचारले, “एवढं उभं पीक पाखरांना चारायला कोणी दिलं?”

“एका शास्त्रप्रेमी पाटलांनी,” प्रोफेसर म्हणाले, “आपलं शेत शास्त्राला अर्पण केलं.”

टाळ्या पडल्या. त्या चालू असतानाच मी उठून उभा राहिलो. त्या वेळी मी कॉलेजात होतो. पुढच्या सत्रात नव्हतो, आणि आता एका शाळेत मुलांना बेडूक शिकवतो.

“शेत पाटलांचं नव्हतं,” मी म्हटले. “तानाबाई नावाच्या बाईचं होतं. तिला विचारलं नव्हतं.”

अध्यक्षांनी घंटा वाजवली. “हे विषयाला सोडून होतंय.”

“पाखरं जे दाणे खायला उतरली, ते विषयाला सोडून कसे?” मी विचारले. ते पुन्हा घंटेकडे वळले. मागे कोणीतरी हसले, पुढे कोणीतरी “खाली बसा” म्हणाले, दोघे उठून निघून गेले. मी माळ्यापासून सुरुवात केली. माळा कोणी मोडला, लाट कोणत्या टोकाकडून आली, कोणाचे घड्याळ चालूच राहिले होते आणि पाटील कोणाच्या दादरीसाठी पागोट्याशिवाय धावले, हे सगळे मी त्या घंटेच्या आवाजावर आवाज चढवून सांगितले, आणि सांगून झाल्यावरच बसलो.